हरिकेननंतरचे समुद्रपक्षी आणि ई-बर्ड : कुठं कामाचं, कुठं अपुरं

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दरम्यान एखादं हरिकेन, म्हणजे अटलांटिकमधलं मोठं चक्रीवादळ, जमिनीवर चढलं, की किनाऱ्यापासून दोन-अडीचशे किलोमीटर आत, गोड्या पाण्याच्या तलावांवर असे पक्षी दिसू लागतात जे एरवी बोटीने खोल समुद्रात गेल्याशिवाय दिसत नाहीत. सूटी टर्न, ब्लॅक-कॅप्ड पेट्रल, लीचेस स्टॉर्म-पेट्रल, नशीब जोरावर असेल तर व्हाइट-टेल्ड ट्रॉपिकबर्ड. यातले बरेचसे काही तासांत निघून जातात. त्यांना गाठायचं तर वादळाच्या आधी अभ्यास, वादळाच्या दिवशी योग्य तलाव आणि नंतर नीट नोंद, तिन्ही जमावं लागतं. या तिन्हीसाठी बहुतेक जण ई-बर्डवर विसंबतात. नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅले-केरीपासून न्यू जर्सीतल्या एडिसनपर्यंत वादळांच्या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी पक्षीनिरीक्षकांची संख्या आता चांगली आहे, म्हणून फक्त या एका कामापुरतं ई-बर्डचं हे परीक्षण.

ई-बर्ड ही लोकांनी पाहिलेल्या पक्ष्यांच्या नोंदी जमा करणारी कॉर्नेल लॅब ऑफ ऑर्निथॉलॉजीची सेवा, २००२ पासून चालू आहे. वेबसाइट आणि अ‍ॅप दोन्ही मोफत. नोंदी करायला आणि अलर्ट लावायला खातं लागतं, तेही फुकट. आमचा कौल आधीच सांगतो : वादळापूर्वीच्या अभ्यासाला पाचपैकी पाच, वादळाच्या दिवशी ताज्या बातमीसाठी अडीच, नंतरच्या नोंदीसाठी साडेचार. मधला आकडा कमी का, ते नीट समजून घेतलं तर निम्मी धावपळ वाचते.

आधी जिथे पाच दिलेत तिथून. ई-बर्डमधला सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे 'स्पीशीज मॅप्स', आणि वादळासाठी तो कसा वापरायचा हे फार थोड्यांना ठाऊक असतं. 'एक्सप्लोर'मध्ये जाऊन हा नकाशा उघडा. पक्ष्याच्या जागी ब्लॅक-कॅप्ड पेट्रल लिहा. तारखेच्या चौकटीत महिना सप्टेंबर ते सप्टेंबर, आणि वर्षं स्वतः भरायची सोय आहे तिथे १९९६ ते १९९६ टाका. हे हरिकेन फ्रॅनचं वर्ष. ५ सप्टेंबरच्या रात्री फ्रॅन नॉर्थ कॅरोलायनात केप फिअरजवळ जमिनीवर आलं, रॅलेजवळून उत्तरेकडे सरकलं आणि दुसऱ्या दिवशी व्हर्जिनियात शिरलं. नकाशा लांबून पाहिला तर जांभळे चौकोन दिसतात. जवळ आणत गेलात की त्यांच्या पिना होतात. ज्योतीच्या आकाराची पिन म्हणजे सार्वजनिक हॉटस्पॉट (सगळ्यांनी मिळून वापरायची पक्षी बघायची जागा), साधी पिन म्हणजे कुणीतरी स्वतः नोंदवलेली जागा. पिनेवर टिचकी मारली की तारीख आणि मूळ यादी उघडते. हा पक्षी कॅरिबियनमधल्या हिस्पॅनिओला बेटाच्या डोंगरांत घरटी करतो आणि गल्फ स्ट्रीमच्या कोमट पाण्यावर हिंडतो. त्याची नोंद नॉर्थ कॅरोलायना-व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या कर लेकसारख्या जमिनीने वेढलेल्या जलाशयावर पाहिली, की फ्रॅनच्या वाटेबद्दल कुठल्याही लेखातून कळणार नाही ते नकाशावर दिसतं.

हाच प्रयोग सूटी टर्न आणि व्हाइट-टेल्ड ट्रॉपिकबर्ड घेऊन ऑगस्ट २०११ साठी करा. २७ ऑगस्टला केप लुकआउटपाशी जमिनीवर आलेलं आयरीन दुसऱ्या दिवशी न्यू जर्सी-न्यूयॉर्कवरून गेलं, आणि ट्रॉपिकबर्ड न्यूयॉर्क राज्यात बरेच आतपर्यंत मिळाले. मग लीचेस स्टॉर्म-पेट्रल आणि पोमरीन येगर घेऊन ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१२ बघा. २९ ऑक्टोबरला सँडी न्यू जर्सीत ब्रिगँटीनजवळ धडकलं आणि वायव्येला पेन्सिल्व्हेनियाकडे वळलं. तोवर उष्ण समुद्रातले टर्न बहुतांशी दक्षिणेला सरकलेले असतात, म्हणून सँडीची यादी आयरीनपेक्षा अगदी वेगळी निघाली. वादळ कोणत्या महिन्यात येतंय यावरून काय शोधायचं ते ठरतं, आणि हे नकाशावर दहा मिनिटांत उमगतं.

एक सावधगिरी मात्र हवी. २००२ पूर्वीच्या सगळ्या नोंदी लोकांनी जुन्या वह्यांमधून नंतर भरलेल्या आहेत. त्यामुळे १९९६ साली एखाद्या तलावावर पिन नसेल, तर तिथे पक्षी नव्हते असं समजू नका. वही भरली गेली नसेल, किंवा त्या दिवशी तिथे कुणी पोचलंच नसेल. दुसरी उणीव अशी की या नकाशावर वादळाची वाट किंवा वारा दाखवायची काही सोय नाही. नॅशनल हरिकेन सेंटरच्या संकेतस्थळावर जुन्या वादळांचे अहवाल मिळतात, त्यातला वाटेचा नकाशा शेजारच्या खिडकीत उघडून दोन्ही ताडून बघावे लागतात. इतकी मोठी सेवा, इतक्या वर्षांचा माहितीसाठा, आणि हे अजून हाताने करावं लागतं, ही खटकणारी गोष्ट आहे.

ताडून पाहिलं की ठरावीक चित्र दिसतं. उत्तर गोलार्धात वारा केंद्राभोवती घड्याळाच्या उलट फिरतो, त्यामुळे वादळ ज्या दिशेला चाललंय तिकडे तोंड केलं तर उजव्या हाताला वारा समुद्रावरून जमिनीकडे येतो. पेट्रल, शिअरवॉटर, स्टॉर्म-पेट्रल यांना हाच वारा ढकलत आणतो. सूटी टर्न, फ्रिगेटबर्ड, ट्रॉपिकबर्ड यांची गोष्ट थोडी वेगळी; ते पुष्कळदा केंद्राच्या शांत भागात अडकून केंद्राबरोबरच प्रवास करतात आणि वादळ विस्कटलं की मोकळे होतात. म्हणून केंद्र जिथून गेलं ती रेघ आणि तिच्या उजवीकडचा पट्टा, यात जो सगळ्यात मोठा जलाशय असेल तो पहिला. डावीकडे मोठा तलाव असला तरी तिथे वारा जमिनीवरून समुद्राकडे असतो, हाती फारसं लागत नाही.

तिसरा एक गट आहे ज्याने नवखे हमखास फसतात. रेड-नेक्ड फॅलारोप, सॅबिन्स गल, ब्लॅक टर्न, काही येगर हे त्या दिवसांत तसेही जमिनीवरून, उंचावरून स्थलांतर करत असतात. वादळाच्या पावसाने ते खाली बसतात. तलावावर फॅलारोप दिसला म्हणजे तो समुद्रातून उडून आला असं गृहीत धरू नका. उलट तो पाऊस सुरू होताच, वारा वाढायच्या आधीच दिसू शकतो, आणि वादळाच्या डाव्या बाजूलाही.

आता वादळ तयार झालंय आणि दोन दिवसांवर आहे असं धरू. इथे ई-बर्ड बाजूला ठेवून नॅशनल हरिकेन सेंटरची पत्रकं वाचायची. पूर्वेकडच्या उन्हाळी वेळेप्रमाणे ती पहाटे ५, सकाळी ११, संध्याकाळी ५ आणि रात्री ११ वाजता निघतात. किनाऱ्याला इशारा लागू असेल तर मधल्या तीन तासांनीही एक छोटं पत्रक येतं. सगळे अंदाजाच्या नकाशावरचा तो पांढरा शंकू बघतात. शंकूचा अर्थ एवढाच, की केंद्र साधारण तीनपैकी दोन वेळा त्याच्या आत राहतं. वारा कुठवर पोचेल हे शंकू सांगत नाही. पक्ष्यांसाठी लागणारी माहिती 'फोरकास्ट अ‍ॅडव्हायजरी' नावाच्या कोरड्या दिसणाऱ्या मजकुरात असते. त्यात ३४, ५० आणि ६४ नॉटचा वारा केंद्रापासून चारही दिशांच्या चतकोरात किती सागरी मैलांपर्यंत जातो ते आकडे दिलेले असतात. समजा ३४ नॉटच्या ओळीत ईशान्येला १५०, आग्नेयेला १२०, नैर्ऋत्येला ६०, वायव्येला ८० असं लिहिलंय. ३४ नॉट म्हणजे ताशी ६३ किलोमीटर आणि १५० सागरी मैल म्हणजे जवळपास २८० किलोमीटर. हे वादळ उत्तरेला चाललं असेल तर त्याची सगळी ताकद उजव्या बाजूला आहे, आणि तुमचा तलाव केंद्राच्या पूर्वेला शंभर किलोमीटरवर असला तरी तो खेळात आहे. तोच तलाव पश्चिमेला तितक्याच अंतरावर असेल तर दुसरा शोधा.

त्याच पत्रकात पुढे सरकण्याचा वेग असतो. वेग जास्त असेल तर वादळ विझायच्या आत खूप आत पोचतं आणि पक्षीही पोचतात. २०१७ च्या हार्वीसारखं वादळ टेक्ससच्या किनाऱ्याजवळ घुटमळलं तर पूर भरपूर येतो, पण आत लांबवर जायला केंद्राकडे जोर उरत नाही. जमिनीवर येऊन वारा उतरला की पत्रकं काढायचं काम वेदर प्रेडिक्शन सेंटरकडे जातं. हरिकेन सेंटरचं पान थांबलं म्हणून वादळ संपलं असं समजून घरी बसू नका. पेट्रल हुडकायची वेळ बऱ्याचदा त्यानंतरच येते.

रडारचा उपयोगही इथेच. अमेरिकेतली हवामान रडार दुहेरी ध्रुवीकरणाची (आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही लहरी सोडणारी) आहेत, आणि त्यातलं 'कोरिलेशन कोएफिशंट' नावाचं चित्र पावसाचे थेंब आणि पक्षी-कीटक यांत फरक दाखवतं. पाऊस असेल तिथे आकडा १ च्या अगदी जवळ असतो. वादळाच्या डोळ्यात, म्हणजे केंद्राच्या शांत भागात, जिथे पाऊसच नाही तिथे कमी आकड्याचा ठिपका दिसला आणि तो डोळ्याबरोबर सरकत राहिला, तर आत पक्षी किंवा कीटक आहेत. रडारस्कोपसारख्या पैसे देऊन घ्यायच्या अ‍ॅपमध्ये हे चित्र मिळतं. जाती कोणत्या हे त्यातून कळत नाही. डोळा कुठल्या तलावावर विरतोय एवढं मात्र कळतं, आणि ते पुरेसं आहे.

वादळाच्या आदल्या संध्याकाळी ई-बर्डमध्ये तीन गोष्टी करून ठेवा. एक, फोनवर त्या भागाचा 'पॅक' (तिथल्या पक्ष्यांची यादी) उतरवून घ्या. वादळात वीज जाते, टॉवर बंद पडतात, पण पॅक असेल तर अ‍ॅप नेटवर्कशिवाय चालतं आणि यादी फोनमध्ये राहते. नेटवर्क आलं की पाठवा. दोन, 'रेअर बर्ड अलर्ट' संपूर्ण राज्याचा न लावता काउंटीचा लावा, आणि रोजचा नको, तासाचा निवडा. राज्याच्या अलर्टमध्ये किनाऱ्यावरचे पन्नास पक्षी येतात आणि तुमच्या तलावावरचा एक त्यात बुडून जातो. कर लेकचं उदाहरण घ्या : हा तलाव दोन राज्यांत पसरलाय. नॉर्थ कॅरोलायनाच्या व्हॅन्स, ग्रॅनव्हिल आणि वॉरन काउंटी, आणि धरणाची भिंत पलीकडे व्हर्जिनियाच्या मेक्लनबर्ग काउंटीत. एकाच राज्याचा अलर्ट लावला तर अर्धा तलाव नजरेआड राहतो. रॅलेजवळच्या जॉर्डन लेकसाठी चॅटम, फॉल्स लेकसाठी वेक, डरॅम आणि ग्रॅनव्हिल. तीन, अ‍ॅपमध्ये यादी उघडून दुर्मिळ जाती दाखवायची खूण चालू करून पाहा. आतल्या काउंटीत अ‍ॅप आपणहून सूटी टर्न सुचवत नाही, आणि पावसात ओल्या बोटांनी ते हुडकत बसणं म्हणजे पक्षी गमावणं. कॉर्नेलचंच मर्लिन अ‍ॅपही जागा आणि तारीख बघून जाती सुचवतं, त्यामुळे नेमक्या या दिवशी त्याच्या सूचनेवर भिस्त ठेवू नका. आवाजावरून ओळखायची त्याची सोय तर इथे निरुपयोगीच. हे पक्षी तलावावर गप्प असतात आणि वारा ओरडत असतो.

आता ते अडीच गुण. वादळाच्या दिवशी ई-बर्डचा अलर्ट उशिरा येतो, आणि यात दोष सेवेचा कमी, तिच्या घडणीचा जास्त. कुणीतरी सकाळी ७:५० ला धरणावरून पेट्रल पाहतो. तो त्या जागी दहापर्यंत उभा राहतो, मग गाडीत बसून यादी पाठवतो. तासाचा अलर्ट अकराच्या सुमाराला मेलमध्ये पडतो. पेट्रल सव्वाआठला तलाव ओलांडून गेलेला असतो. पुष्कळ जण तर यादी रात्री जेवणानंतर पाठवतात. २०२३ च्या इडालियाशी तुलना केली की फरक कळतो. ३० ऑगस्टला फ्लोरिडात धडकलेल्या त्या वादळाने फ्लेमिंगो ओहायो, पेन्सिल्व्हेनिया, पार विस्कॉन्सिनपर्यंत विखुरले. फ्लेमिंगो उथळ पाण्यात उभे राहतात, काही ठिकाणी दिवसेंदिवस राहिले. अलर्ट बघून गेलेल्यांना ते मिळाले. थांबणाऱ्या पक्ष्याला ई-बर्डचा अलर्ट उत्तम. पेट्रल आणि सूटी टर्न थांबत नाहीत. त्यांच्यासाठी स्थानिक निरीक्षकांचा मेसेजिंग अ‍ॅपवरचा गट हवा, आणि त्याहूनही आधी, आपण स्वतः पाण्यावर हवं.

तरीही त्या दिवशी ई-बर्डची एक बाजू कामाला येते, आणि ती अलर्टपेक्षा सरस आहे. हॉटस्पॉटचं पान उघडून 'रीसेंट व्हिजिट्स' बघा. तिथे फक्त दुर्मिळ पक्षी नाही, प्रत्येक संपूर्ण यादी दिसते. समजा धरणाच्या भिंतीवर कुणी ७ ते ९ उभं राहिलं आणि यादीत रिंग-बिल्ड गल आणि कॉर्मोरंटखेरीज काही नाही, तर ती रिकामी यादी सोन्यासारखी आहे. तुम्ही तिकडे न जाता तलावाचं वरचं टोक धरता. अलर्ट ही माहिती कधीच देत नाही.

जागा निवडताना वाऱ्याकडे पाठ करता येईल आणि समोर जास्तीत जास्त पाणी दिसेल असा किनारा धरावा. गाडीचं मागचं दार वर उघडून त्याखाली ट्रायपॉड बुटका लावला तर भिंगावर पाऊस कमी येतो आणि थरथर कमी होते. २० ते ६० पट मोठं करणारा स्पॉटिंग स्कोप असेल तर २० ते ३० वरच ठेवा. वादळी वाऱ्यात त्यापुढे नुसतं हलणारं करडं पाणी दिसतं. कोरडी फडकी चार-पाच, प्रत्येक वेगळ्या पिशवीत. वादळ रात्री गेलं असेल तर फटफटायच्या आत तलावावर असायला हवं, कारण रात्री पाण्यावर उतरलेले पक्षी उजेड होताच उठतात. केंद्र दिवसा जाणार असेल तर ते जाताना आणि वारा दिशा बदलतो त्यानंतरचे दोन-तीन तास सगळ्यात भरघोस. दुपारनंतर बरेच पक्षी नदी धरून समुद्राकडे परततात. हडसन, डेलावेअर, सस्क्वेहॅना, रोनोक अशा नद्यांवरचे पूल आणि धरणं तेव्हा बघावीत. कर लेक रोनोकवरच आहे.

ओळखीत सगळ्यात जास्त घोळ दोन गटांत होतो, आणि ई-बर्डवर परत आलेल्या नोंदींतही तेच असतात. प्रौढ सूटी टर्न वरून काळाकुट्ट, कपाळावरचा पांढरा ठसा डोळ्यापाशी संपतो. ब्रायडल्ड टर्न वरून करडा-तपकिरी, मानेवर फिकट पट्टा, आणि पांढरी भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत जाते. कोवळा सूटी टर्न जवळजवळ सगळाच गडद तपकिरी, पाठीवर पांढरट ठिपके, पोटाचा मागचा भाग फिकट. त्याला घाईत नॉडी (दुसरा एक गडद टर्न) म्हटलं जातं. सूटी टर्न पाण्यावर बसायचं टाळतो, कारण त्याची पिसं लवकर भिजतात. म्हणून लांबवर पाण्यात तरंगणाऱ्या गडद टर्नचं नाव घाईत सूटी लिहू नका. स्टॉर्म-पेट्रलमध्ये लीचेसची शेपूट खाचेची आणि उडणं झेपा घेत, अनपेक्षित वळणांचं. बँड-रम्पचं उडणं शिअरवॉटरसारखं सरळ, थोडे पंख मारून मग तरंगत. विल्सन्सचे पाय शेपटीच्या बाहेर दिसतात आणि कमरेचा पांढरा रंग खाली बाजूंपर्यंत उतरतो. वारा जोराचा असला की तिघांचंही उडणं बिघडतं, त्यामुळे फक्त उडण्याच्या ढबीवर नाव लिहू नका. ई-बर्डमध्ये 'स्टॉर्म-पेट्रल, जात निश्चित नाही' अशी नोंद करता येते, आणि ती चुकीच्या नावापेक्षा शतपट चांगली.

नोंदीच्या बाबतीत ई-बर्ड खरंच सुरेख काम करतं, फक्त यादी वादळाच्या पद्धतीने करायला हवी. दिवसभराची एकच लांब 'ट्रॅव्हलिंग' यादी करू नका. एका जागी उभं राहून 'स्टेशनरी' यादी, साधारण तासाची, तास संपला की नवी. पक्षी किती वाजता, कोणत्या दिशेने गेला यावरच पुढचा अभ्यास उभा राहतो, आणि सहा तासांच्या एका यादीत ते सगळं मिसळून जातं. जागा बदलली की यादी बदला. मोठ्या तलावावर पाच-सात हॉटस्पॉट असतात. सगळे पक्षी त्यातल्या पहिल्या, प्रसिद्ध नावाखाली टाकायची सवय फार वाईट. एकाच ठिकाणी चौघे उभे असतील तर एकाने यादी करून बाकीच्यांना 'शेअर' करावी, म्हणजे एकच ट्रॉपिकबर्ड चार वेगळ्या यादींत चार पक्षी होत नाहीत.

आतल्या काउंटीत समुद्रपक्षी लिहिला की अ‍ॅप त्यावर खूण करून कारण विचारतं. तिथे 'वादळामुळे' किंवा 'खात्रीने पाहिला' एवढंच लिहून भागत नाही. ब्लॅक-कॅप्ड पेट्रल असेल तर हे असं लिहावं : 'सकाळी ७:५०, धरणाच्या भिंतीवरून ईशान्येकडे, अंतर अंदाजे ३०० मीटर, स्कोपमधून दोन मिनिटं. वरून काळपट तपकिरी, डोकं काळं, मानेभोवती रुंद पांढरा पट्टा, शेपटीच्या बुडाशी मोठा पांढरा भाग, पंख वाकवून उंच कमानी घेत उडत होता. ग्रेट शिअरवॉटर नाही, कारण कमरेचा पांढरा भाग फार मोठा आणि उड्डाण उंच. वारा आग्नेयेकडून.' वारा आपणहून कुठे नोंदवला जात नाही, म्हणून तो टिपणात लिहायचा. स्कोपमधून फोनने काढलेला धूसर फोटोही जोडा. कमरेचा पांढरा ठिपका दिसला तरी तपासनीसाचं अर्धं काम होतं. हे तपासनीस स्वयंसेवक असतात, आणि वादळानंतर त्यांच्याकडे एकदम ढीग साचतो. तोपर्यंत नोंद 'अनकन्फर्म्ड' दिसते आणि स्पीशीज मॅपवर येत नाही. ते खोटी ठरल्याचं चिन्ह नाही, रांगेत असल्याचं आहे. मेलवर प्रश्न आला तर तपशील द्या, रागावू नका.

एक बाब ई-बर्डच्या हातात नाही आणि लोक विसरतात. वेगाने वाहणारं सहा इंच पाणी माणसाला पाडतं, बारा इंच छोटी गाडी वाहून नेतं. कर, फॉल्स, जॉर्डन ही तिन्ही धरणं अमेरिकी लष्कराच्या आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सकडे आहेत. वादळात तिथली उद्यानं आणि बोटीचे उतार बंद होतात, फाटक ओलांडू नका. सार्वजनिक रस्त्यावरून किंवा पुलाजवळच्या अधिकृत जागेतून दिसणारं पाणी आदल्या दिवशीच हेरून ठेवा. वादळ अंगावर असताना गाडी चालवायची नाही. ते जाताना तुम्ही तलावाजवळच सुरक्षित छताखाली असायला हवं.

जमिनीवर पडलेला पेट्रल सापडला तर त्याला हवेत फेकू नका. पायांच्या रचनेमुळे तो सपाट जमिनीवरून उठू शकत नाही, आणि बऱ्याचदा उपाशी असतो. हातमोजे घालून, वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, तळाशी फडकं घालून ठेवा. पाणी नको, मासा नको, अंधार आणि शांतता हवी. परवानाधारक वन्यजीव पुनर्वसकाला लगेच फोन करा. १९१८ च्या मायग्रेटरी बर्ड ट्रीटी अ‍ॅक्टखाली असा पक्षी घरी पाळणं गुन्हा आहे, मेलेला उचलून ठेवणंही.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हेच साधन तसंच वापरता येतं, फक्त ऋतू आणि वारा वेगळा. कोकण किनाऱ्यावर आणि मुंबईत पावसाळ्यात दमलेले मास्क्ड बूबी, सूटी आणि ब्रायडल्ड टर्न सापडतात. 'निसर्ग' चक्रीवादळ ३ जून २०२० ला अलिबागजवळ जमिनीवर आलं आणि ईशान्येकडे सरकत विरलं. 'तौक्ते' मे २०२१ मध्ये किनाऱ्याला समांतर उत्तरेला गेलं, म्हणजे कोकण त्याच्या उजव्या हाताला होतं. त्या तारखा स्पीशीज मॅपमध्ये टाकून बघा आणि हवामान विभागाच्या नकाशाशी ताडा. पिना कमी दिसतील. नॉर्थ कॅरोलायनात वादळानंतर प्रत्येक मोठ्या तलावावर कुणीतरी उभं असतं. उजनी किंवा गंगापूर धरणावर जूनमधल्या वादळानंतरच्या सकाळी उभं राहणारे फार थोडे. जखमी पक्षी सापडला तर इथे वनविभागाचा १९२६ हा क्रमांक.

घरी आल्यावर त्याच रात्री याद्या पाठवा, पण हात तिथेच थांबवू नका. ई-बर्डमध्ये पाठवलेली यादी नंतर दुरुस्त करता येते : वेळ, जागा, संख्या, टिपण, फोटो, सगळं. दोन दिवसांनी झोप भरून निघाल्यावर प्रत्येक दुर्मिळ नोंद उघडा, फोटो मोठा करून बघा, आणि जिथे जात पक्की नाही तिथे नाव मागे घेऊन 'जात निश्चित नाही' करा.